तडजोडी करता करता यादवी: अमेरिका गुलामगिरीवरून कशी फुटली

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. गुलामांना दास्यातून मोकळं करताना त्यांनी जे औदार्य दाखवलं, त्याबद्दलचा तो आदर होता. शूद्रातिशूद्रांच्या गुलामीबद्दल लिहिणाऱ्या माणसाला सातासमुद्रापलीकडची ती गोष्ट आपली वाटावी, यात नवल नाही. पण हे अर्पणपत्र वाचून आपल्या मनात एक सरळसोट चित्र तयार होतं. उत्तरेकडची राज्यं गुलामांना सोडवायला निघाली, दक्षिणेकडची आडवी आली, आणि युद्ध पेटलं. हे चित्र अर्धंच खरं आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये पहिली तोफ डागली गेली तेव्हा उत्तरेचं सरकार गुलामगिरी मोडायला निघालंच नव्हतं. जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा आमचा इरादा नाही आणि तसा अधिकारही नाही, असं अध्यक्ष अब्राहम लिंकन आपल्या शपथविधीच्या भाषणात सांगत होते.

मग दक्षिण फुटली कशासाठी?

ती फुटली दोन गोष्टींवरून. एक, पश्चिमेकडे नव्याने मिळत जाणारी जमीन कोणाची, गुलाम राखणाऱ्यांची की न राखणाऱ्यांची? आणि दुसरी, पळून गेलेल्या गुलामांचं काय करायचं? सत्तर वर्षं या दोन प्रश्नांवर तडजोडी होत राहिल्या आणि जवळजवळ प्रत्येक तडजोडीने पुढच्या भांडणाची सोय करून ठेवली.

सुरुवात राज्यघटनेपासूनच होते. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्यांपैकी बरेच जण स्वतःच गुलामांचे मालक होते. उत्तरेत गुलामगिरी हळूहळू बंद होत चालली होती. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया मात्र अडून बसले होते, की गुलामगिरीला धक्का लागणार असेल तर आम्ही या संघात येणार नाही. तेव्हा तीन गोष्टी मान्य करण्यात आल्या. आफ्रिकेतून माणसं आणण्याच्या व्यापारावर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, १८०८ पर्यंत बंदी घालणार नाही. एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो मालकाला परत मिळेल. आणि लोकसंख्येवरून प्रतिनिधी ठरवताना दर पाच गुलाम तीन माणसं म्हणून मोजले जातील.

या तिसऱ्या कलमाबद्दल नेहमी घोटाळा होतो. काळ्या माणसाला तीन पंचमांश माणूस मानलं म्हणजे दक्षिणेने त्याला कमी लेखलं, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला मोजणीत पूर्ण धरा हा आग्रह दक्षिणेचा होता आणि अजिबात धरू नका असं उत्तरेचं म्हणणं होतं. गुलामाला मत नव्हतंच. त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला प्रतिनिधिगृहात जादा जागा मिळणार होत्या आणि अध्यक्षाच्या निवडणुकीतही जादा वजन. मोजणी ज्याची, सत्ता मात्र त्याला बांधून ठेवणाऱ्याची.

ही प्रथा आपोआप मरेल अशी आशा तेव्हा पुष्कळांना होती. व्हर्जिनियात तंबाखूने जमिनी कस गमावून बसल्या होत्या. मग १७९३ साली इलाय व्हिटनीने कापसातली सरकी काढणारं जिन बनवलं. दक्षिणेच्या आतल्या भागात आखूड धाग्याचा कापूस उत्तम पिकायचा, पण त्याची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असायची. हाताने दिवसभर बसून जेमतेम अर्धा किलो रुई निघायची. जिनने हे काम कित्येक पटींनी वाढवलं आणि मग कापूस जितका लावाल तितका कमी, अशी स्थिती आली. लावायला, खुरपायला, वेचायला मात्र माणसंच लागत होती.

१७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते जवळजवळ ४० लाख झाले. १८०८ पासून बाहेरून माणसं आणायला बंदी होती, तरी ही वाढ झाली, कारण गुलाम आईचं मूल जन्मतःच गुलाम ठरायचं. या काळात सुमारे १० लाख माणसांना व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाच्या कापूसपट्ट्यात नेण्यात आलं. बरीचशी विकून, साखळीला बांधून पायी चालवत किंवा बोटींत भरून. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे हे या बाजारात रोजचं होतं. १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा होता. आणि गुलामांची बाजारभावाने किंमत होती ३ अब्ज डॉलरच्या पुढे, म्हणजे देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत मिळून गुंतलेल्या भांडवलापेक्षा जास्त. एवढी 'मालमत्ता' कोणी नुसत्या उपदेशाने सोडत नाही.

उत्तरेचे हातही काही स्वच्छ नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्या हाच कापूस कातत होत्या आणि न्यूयॉर्कचे सावकार याच पिकावर कर्जं देत होते. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस इथूनच जायचा. पुढे युद्धात दक्षिणेची बंदरं अडली तेव्हा तीच मागणी मुंबईकडे वळली, आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले, मुंबईत शेअरांचा सट्टा पेटला आणि १८६५ साली युद्ध संपताच सारं कोसळलं. तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण या पिकात किती पैसा अडकला होता, हे त्यावरून कळतं.

पैसा वाढला तशी भाषा बदलली. जुनी पिढी गुलामगिरीला निदान 'नाइलाजाने सोसायचं पाप' म्हणत होती. १८३७ साली दक्षिण कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, उभे राहून ती चांगलीच गोष्ट आहे, मालकाच्या आणि गुलामाच्या दोघांच्याही भल्याची आहे, असं सांगू लागले.

सिनेटमधलं गणित

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. आपल्या राज्यसभेत राज्यांच्या जागा कमीजास्त असतात. उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९, गोव्याला १. अमेरिकेच्या सिनेटमध्ये राज्य केवढंही असो, जागा दोनच. प्रतिनिधिगृहात उत्तर पुढे निघून गेली होती, कारण युरोपातून येणारे बहुतेक लोक उत्तरेतच उतरत आणि तिथेच राहत. दक्षिणेची ढाल होती ती सिनेट. गुलाम राखणारी आणि न राखणारी राज्यं सारखी असली की दक्षिणेला नको असलेला कायदा तिथे अडवता यायचा. म्हणून पश्चिमेत नवं राज्य तयार झालं की पहिला प्रश्न एकच: हे कोणाच्या बाजूचं?

१८१९ मध्ये मिझुरीला राज्य म्हणून मान्यता द्यायचा प्रश्न आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही बाजूंना ११-११ राज्यं होती. मिझुरीत गुलाम होते. वर्षभर काँग्रेसमध्ये रणकंदन झालं आणि १८२० साली तोडगा निघाला. मिझुरी गुलामांसह आत येईल, तोल राखायला मेन हे गुलाम नसलेलं राज्यही आत येईल, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या बाकी प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटं या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी असणार नाही. नकाशावर रेघ ओढली, की मिटलं. म्हातारे थॉमस जेफरसन, जे स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, त्यांनी एका पत्रात लिहिलं, की हा प्रश्न रात्रीच्या आगीच्या घंटेसारखा कानावर आला आणि मी धास्तावलो. भाऊबंदांनी बांध घालून घेतला, तरी पलीकडे नवी जमीन मिळाल्यावर पुन्हा मोजणी आलीच. जेफरसनना नेमकं तेच दिसलं असावं.

दरम्यान उत्तरेत गुलामगिरी तत्काळ बंद करा म्हणणाऱ्यांची एक चळवळ उभी राहत होती. १८३१ साली बोस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसन यांनी आपलं साप्ताहिक सुरू केलं. त्याच वर्षी व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या उठावात पन्नासच्या वर गोरे मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून कितीतरी काळ्या माणसांची कत्तल झाली. मेरीलँडमधून १८३८ मध्ये निसटलेले फ्रेडरिक डग्लस व्यासपीठावरून स्वतःची कहाणी सांगू लागले. चळवळवाले संख्येने थोडे होते आणि उत्तरेतही मार खात होते. दक्षिणेने मात्र त्यांना स्वतःच मोठं केलं. १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम केला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स आठ वर्षं त्या नियमाशी झगडत राहिले. ज्यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं अशा उत्तरेच्या गोऱ्यांनाही आता वाटू लागलं, की यांची गुलामगिरी टिकवायला आमची तोंडं का बंद?

मेक्सिकोची जमीन आणि पळालेल्यांचा कायदा

१८४६ ते १८४८ या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध करून कॅलिफोर्नियापर्यंतचा अफाट मुलूख मिळवला. युद्ध सुरू होऊन काही महिनेच झाले होते तोच पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मट यांनी प्रस्ताव आणला, की या मुलखात गुलामगिरी नको. प्रतिनिधिगृहात तो मंजूर झाला, सिनेटमध्ये अडला. आणि मतदान पक्षांनुसार नाही, तर प्रदेशांनुसार पडलं.

विल्मट काही गुलामांचे कैवारी नव्हते. गोऱ्या कष्टकऱ्याला नव्या जमिनीवर गुलामांच्या फुकट श्रमाशी स्पर्धा करावी लागू नये, ही त्यांची तळमळ होती. उत्तरेतल्या लाखो लोकांचं असंच होतं. ऑरेगनने तर गुलामगिरीवर बंदी घातली आणि त्याच घटनेत काळ्या लोकांना राज्यात वस्ती करायलाही बंदी घातली! गुलामगिरीचा विरोध आणि काळ्या माणसाबद्दलची आपुलकी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे ध्यानात ठेवलं की या इतिहासातली बरीच कोडी सुटतात.

कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, माणसांचा लोंढा गेला आणि त्यांनी गुलामांशिवायचं राज्य मागितलं. १८५० साली पुन्हा मोठी तडजोड झाली. कॅलिफोर्निया आत आला आणि सिनेटचा तोल १६-१५ असा कायमचा ढळला. त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांचा कडक कायदा मिळाला.

माझ्या मते सारी घसरण इथून सुरू होते. या कायद्याने पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नव्हती आणि ज्यूरीही मिळत नव्हती. निकाल देणाऱ्या आयुक्ताला मालकाच्या बाजूने निकाल दिला तर १० डॉलर, माणसाला सोडलं तर ५ डॉलर फी. कारण काय, तर कागदपत्रांचं काम जास्त! शिवाय रस्त्यावरच्या कोणत्याही नागरिकाला पाठलागात सामील व्हायचं फर्मान काढता येत होतं. आजवर गुलामगिरी ही 'त्यांच्याकडची' गोष्ट होती. आता ती बोस्टनच्या चौकात आली.

१८५४ मध्ये व्हर्जिनियातून पळून आलेल्या अँथनी बर्न्सला बोस्टनमध्ये पकडलं. लोकांनी न्यायालयावर हल्ला केला, एक पहारेकरी मेला. शेवटी एका माणसाला बंदरापर्यंत न्यायला सैनिकांच्या रांगा लावाव्या लागल्या, आणि वाटेवरच्या इमारतींवर काळी कापडं लटकत होती. अ‍ॅमोस लॉरेन्स नावाचे तिथले एक गिरणीमालक, दक्षिणेच्या कापसावर धंदा चालणारे. त्यांनी लिहिलं, की आम्ही रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे तडजोडवाले म्हणून आणि उठलो ते कट्टर गुलामगिरीविरोधी होऊन. उत्तरेतल्या अनेक राज्यांनी या कायद्याची अंमलबजावणी अडवणारे स्वतःचे कायदे केले.

दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली असं आजही काही जण सांगतात, त्यांनी इथे जरा थांबावं. १८५० नंतर केंद्र सरकारचा दंडुका राज्यांवर चालवा, असं म्हणणारी बाजू दक्षिणेची होती. राज्याचा हक्क सांगणारी बाजू मॅसॅच्युसेट्स आणि विस्कॉन्सिनची.

कॅन्सस

इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती. त्यासाठी अजून राज्य न झालेल्या मधल्या प्रदेशात सरकार स्थापायला हवं होतं आणि दक्षिणेच्या मतांशिवाय ते होत नव्हतं. हा प्रदेश १८२० च्या रेघेच्या उत्तरेला. डग्लस यांनी १८५४ साली ती रेघच पुसून टाकली आणि म्हटलं, कॅन्सस आणि नेब्रास्कातल्या रहिवाशांनीच मत देऊन ठरवावं, गुलामगिरी हवी की नको. ऐकायला किती लोकशाही! ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागायचा त्यांना मत नव्हतं, एवढंच.

निकाल मतांनी ठरणार म्हटल्यावर मतं आणायची शर्यत लागली. उत्तरेतून मंडळ्या स्थापून वस्तीला माणसं पाठवली गेली. त्यातल्या एका गावाला याच अ‍ॅमोस लॉरेन्स यांचं नाव मिळालं. शेजारच्या मिझुरीतून हत्यारबंद टोळ्या नुसत्या मतदानापुरत्या यायच्या. मार्च १८५५ च्या निवडणुकीत सुमारे २९०० मतदार असलेल्या प्रदेशात ६ हजारांवर मतं पडली. कॅन्ससमध्ये दोन सरकारं झाली, एकमेकांना खोटं म्हणणारी.

मग मे १८५६ चा तो आठवडा. २१ तारखेला गुलामगिरीवाल्यांच्या जमावाने लॉरेन्स गाव लुटलं, हॉटेल जाळलं, छापखाने मोडून टाइप नदीत फेकला. २२ तारखेला वॉशिंग्टनमध्ये, खुद्द सिनेटच्या सभागृहात, दक्षिण कॅरोलायनाचे खासदार प्रेस्टन ब्रुक्स यांनी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांना बाकावर बसलेले असताना काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत झोडपलं. समनर यांनी कॅन्ससवरच्या भाषणात ब्रुक्स यांच्या नातेवाइकाची टर उडवली होती. समनर यांना पूर्णपणे कामावर परतायला तीन वर्षं लागली. ब्रुक्स यांनी राजीनामा दिला, मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं आणि दक्षिणेतून त्यांना नव्या काठ्या भेट आल्या. २४ तारखेच्या रात्री कट्टर गुलामगिरीविरोधी जॉन ब्राऊन आणि त्यांच्या माणसांनी कॅन्ससमध्ये पॉटावाटोमी ओढ्याकाठी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घराबाहेर ओढून तलवारींनी मारलं.

यातून राजकारणाचा सांगाडाच बदलला. उत्तर-दक्षिण दोन्हीकडे पाय असलेला व्हिग पक्ष विरून गेला. १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष जन्मला तो एकाच मुद्द्यावर: गुलामगिरी पसरू द्यायची नाही. दक्षिणेत त्याला कोणी वाली नव्हता.

१८५७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न कायमचा मिटवायचं ठरवलं. ड्रेड स्कॉट हा गुलाम मालकाबरोबर इलिनॉय राज्यात आणि पुढे उत्तरेच्या मुक्त प्रदेशात राहून आला होता, म्हणून तो स्वातंत्र्य मागत होता. सरन्यायाधीश रॉजर टेनी यांनी निकाल दिला, की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालायचा काँग्रेसला अधिकारच नाही. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मूळ मुद्दाच घटनाबाह्य ठरला. डग्लस यांचं 'रहिवाशांनी ठरवावं' हेही लटकलं, कारण काँग्रेसला जे करता येत नाही ते प्रदेशाच्या विधिमंडळाला कसं करता येणार? डग्लस यांनी त्यातून पळवाट काढली, तेव्हा दक्षिणेतल्या त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षबंधूंनी त्यांना गद्दार ठरवलं. देशभर पसरलेला हा एकच पक्ष उरला होता. १८६० मध्ये तोही फुटला.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राऊन पुन्हा आले, या वेळी २१ साथीदारांसह व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर. हत्यारं घेऊन गुलामांना उठवायचा बेत फसला. कर्नल रॉबर्ट ली यांच्या तुकडीने त्यांना पकडलं आणि २ डिसेंबरला ते फासावर गेले. बेतापेक्षा पुढचं घडलं ते भारी. उत्तरेत अनेक गावी त्यांच्यासाठी चर्चच्या घंटा वाजल्या. आमच्या घरात झोपेत आम्हाला मारायला निघालेल्याला हे हुतात्मा म्हणतात, असं दक्षिणेने त्यातून ऐकलं. दक्षिण कॅरोलायनात निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलामांची होती, त्यामुळे तिथली भीती समजायला अवघड नाही.

१८६० च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. लिंकन यांना देशभरात ४० टक्क्यांच्या आतबाहेर मतं मिळाली, पण जवळजवळ सारी उत्तर मिळाल्याने अध्यक्ष ठरवणाऱ्या राज्यवार निर्वाचक मतांपैकी ३०३ मधली १८० त्यांच्याकडे आली. दक्षिणेतल्या दहा राज्यांतून त्यांना मतदारांचं एकही मत नव्हतं. दक्षिणेला कळून चुकलं, की आता आपल्या एका मताशिवायही देशाचा अध्यक्ष होऊ शकतो. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना बाहेर पडलं, १ फेब्रुवारीपर्यंत आणखी सहा राज्यं. लिंकन यांचा शपथविधी अजून महिनाभर दूर होता.

बाहेर पडताना दक्षिण कॅरोलायनाने कारणांचं जाहीर पत्रक काढलं. त्यातली मोठी तक्रार अशी, की उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत. मिसिसिपीच्या पत्रकात तर गुलामगिरीशी आमची भूमिका पूर्णपणे एकरूप आहे, असं सुरुवातीलाच लिहिलं आहे. फुटलेल्या राज्यांच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्चमध्ये सव्हॅना इथे सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या राज्याची कोनशिला. कारणं नंतरच्या पिढ्यांनी झाकली. त्यांनी स्वतः काही झाकलं नव्हतं.

शेवटच्या तडजोडीही झाल्या नाहीत असं नाही. केंटकीचे क्रिटेंडन म्हणाले, जुनी रेघ पुन्हा ओढा आणि पॅसिफिकपर्यंत न्या. लिंकन यांनी त्याला नकार दिला, कारण रेघेच्या दक्षिणेला उद्या क्युबा आणि मेक्सिकोही मागितले गेले असते. दुसरीकडे, राज्यांमधल्या गुलामगिरीला केंद्र कधीही हात लावणार नाही, अशी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी खरोखरच मंजूर केली आणि लिंकन यांनी तिला हरकतही घेतली नाही. दक्षिणेला गुलामगिरी राखायची लेखी हमी मिळत होती. हवी होती ती पसरायची. १२ एप्रिलला पहाटे चार्ल्सटनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसेवक मागवले, त्याबरोबर व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं फुटली.

व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचा मन्रो किल्ला मात्र उत्तरेच्या ताब्यात राहिला. २३ मे रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाऊनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तिघे गुलाम, ज्यांना दक्षिणेच्या फौजेने तोफांचे मोर्चे खणायला लावलं होतं, होडी वल्हवत त्या किल्ल्याच्या दारात आले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला आणि १८५० च्या कायद्यावर बोट ठेवून तिघांना परत मागू लागला. किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर मूळचे वकील. तुमचं व्हर्जिनिया आता परका देश आहे ना, मग परक्या देशाला अमेरिकेचा कायदा कसा लागू होईल, असं विचारून त्यांनी तिघांना शत्रूचा जप्त माल म्हणून ठेवून घेतलं आणि कामाला लावलं. ही बातमी काळ्या वस्त्यांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. जुलैअखेर तिथे सुमारे ९०० जण येऊन पोहोचले होते, आणि गुलामगिरीला हात न लावण्याचं वचन देऊन युद्धात उतरलेल्या सरकारला त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये कायदा करावा लागला.